किराण्याचा महिना आणि कोठीचे वर्ष

महिन्याच्या किराण्याचे बजेट कसे पाळावे यावर पुष्कळ सल्ले वाचायला मिळतात आणि त्यांतले बहुतेक सल्ले गव्हाचे पीठ पाच किलोच्या पिशवीतून आणणाऱ्या घरांसाठी लिहिलेले असतात. खानदेशात मात्र अजूनही अनेक घरांत कोठी आहे, चैत्र-वैशाखात गहू भरला जातो, गच्चीवर कुरडया आणि बिबडे (ज्वारीचे पापड) वाळतात, आणि वर्षभराचा मसाला एकदाच कुटून ठेवला जातो. पगार महिन्याला येतो, गहू वर्षातून एकदा येतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बजेट हमखास मोडल्यासारखे वाटते आणि पावसाळ्यात ते आपोआप पाळले गेल्याचे समाधान मिळते, पण या दोन्ही समजुतींना फारसा अर्थ नसतो. आमच्यासारख्या घराचे किराण्याचे बजेट आधी वर्षाचे मांडावे लागते आणि मगच त्याचे बारा भाग करता येतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही जळगावात पाच माणसे आहोत: सासूबाई, आम्ही दोघे आणि शिकणारी दोन मुले. दूध आणि भाजीपाला वेगळा ठेवून किराण्यासाठी महिन्याला ७,५०० रुपये, ही आमची मर्यादा. पुढचे आकडे आमच्या घराचे आहेत आणि हिशेबाच्या सोयीसाठी ते गोल केलेले आहेत. चोपड्याला, शहाद्याला किंवा साक्रीला भाव वेगळे असतील आणि ज्यांच्या घरी शेतातला दाणा येतो त्यांचा हिशेब तर पूर्णच निराळा होईल.

वर्षाच्या साठवणीत आमच्याकडे दोन क्विंटल गहू लागतो, त्याचे ७,००० रुपये. एक क्विंटल दादर ज्वारी, ४,५०० रुपये. चाळीस किलो तूरडाळ, ४,८०० रुपये. मिरची, धने आणि काळ्या मसाल्याचे बाकीचे सामान ३,००० रुपये, आणि पापड, कुरडया, शेवया, बिबडे यांचे साहित्य २,३०० रुपये. एकूण २१,६०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला १,८००. हे १,८०० रुपये दर महिन्याला किराण्याची यादी करण्याआधीच बाजूला निघतात आणि बँकेच्या वेगळ्या खात्यात पडून राहतात. त्यानंतर दुकानासाठी ५,७०० रुपये उरतात. ही एवढी एक गोष्ट केली तरी उन्हाळ्यातली ओढाताण संपते, कारण गव्हाचे पोते दारात उतरते तेव्हा त्याचे पैसे आधीच जमलेले असतात.

सगळी साठवण एकाच वेळी करावी लागत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तूर माघाच्या आसपास निघते, हरभरा आणि दादर त्यामागोमाग येतात, गहू मार्च-एप्रिलमध्ये उतरतो. मिरचीचा हंगाम त्याच्याही आधी सुरू होतो आणि नंदुरबारच्या पथारींवर ती हिवाळाभर वाळत असते. उडीद आणि मूग मात्र पोळ्यानंतरच्या दिवसांत स्वस्त मिळतात. खरेदी पिकाच्या मागे मागे ठेवली तर ते २१,६०० रुपये एका झटक्यात लागत नाहीत आणि माल नवा मिळतो. या बाबतीत खानदेशचे नशीब चांगले आहे. जळगावात डाळमिलांचा मोठा धंदा असल्यामुळे डाळीची प्रत आणि भाव यांत निवड करायला वाव राहतो. नवापूरच्या तूरडाळीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गव्हासाठी मध्य प्रदेशही शेजारीच आहे. तिकडचा शरबती घ्यायचा की इकडचा लोकवन, यावर प्रत्येक घरात मतभेद असतात. आमच्याकडे सणासुदीच्या पुरणपोळीपुरता थोडा शरबती आणि रोजच्या पोळीसाठी लोकवन, अशी तडजोड झाली आहे. रोजची पोळी महाग गव्हाची केल्याने ती फार वेगळी लागते असे मला तरी वाटत नाही.

साठवणीचा खरा भाव मात्र पोत्यावर लिहिलेला नसतो. गहू चाळून, निवडून, उन्हात तापवून, रात्रभर निवू देऊन मगच कोठीत भरावा लागतो. गरम दाणा तसाच भरून झाकण लावले तर आत ओल धरते आणि मग टोके (धान्यातले किडे) होतात. आमच्याकडे गव्हाला एरंडेल तेल चोळतात आणि कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. या सगळ्याला माणसाचे कष्ट लागतात, आणि घरात दुपारी कोणीच नसेल तर दोन क्विंटल गहू भरण्याचा आग्रह धरू नये. पंचवीस किलो दाण्याला कीड लागली, तर घाऊक खरेदीत वाचवलेले पैसे त्यातच जातात. दोघेही नोकरीला असलेल्या जोडप्यांनी तिमाही साठवण करावी आणि किलोमागे दोन-तीन रुपये जास्त द्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता उरलेल्या ५,७०० रुपयांकडे येते. बजेट इथे फुटते, आणि ते धान्यावर क्वचितच फुटते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण माणसाचा ४,१२२ रुपये निघाला. शहरी खर्चात अन्नाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जरा खाली होता. त्या अन्नखर्चाची आतली विभागणी पाहिली की डोळे उघडतात: शहरांत धान्यावर एकूण खर्चाच्या जेमतेम ४ टक्के जातात, तर पेये, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या गव्हाच्या भावावर आपण दाणा बाजारात अर्धा तास घासाघीस करतो, त्याच्या अडीचपटीहून अधिक पैसे बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि तयार पाकिटांवर कसलीही घासाघीस न करता देऊन येतो.

म्हणून यादी करताना मी रुपयांपासून सुरुवात करत नाही, मापापासून करते. सासूबाईंचे माहेर अमळनेरकडचे, त्यांची अहिराणी अजून तशीच आहे. त्यांचा नियम एका ओळीचा आहे: “पहिले डबा देख, मंग यादी लिख.” डब्यात काय उरले आहे ते पाहिल्याशिवाय लिहिलेली यादी ही गेल्या महिन्याच्या यादीची नक्कल असते आणि त्यातून साबुदाण्याचे दोन पुडे पडून राहतात, तर शेंगदाणे मात्र एकादशीच्या आदल्या दिवशी संपतात. प्रत्येक वस्तूचे महिन्याचे माप एकदा ठरले की भाव वाढला तरी कुठे किती फरक पडणार ते लगेच कळते. माप माहीत नसेल तर खर्च वाढला एवढेच कळते. भाव वाढला की आपणच जास्त वापरले, हे कळत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते तेलाच्या बाबतीत, आणि खानदेशी घरात तेलाचा विषय टाळून किराण्याविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या शेवभाजीला तर्री हवी, भरताला फोडणी सढळ हवी, पातोड्यांच्या रश्श्यावर तवंग दिसला नाही तर जेवणारा मान वर करून पाहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत २,००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. पाच माणसांना सरसकट तेच माप लावले तर तीस दिवसांचे ४ किलो ५० ग्रॅम होते. तेल मात्र लिटरमध्ये विकले जाते आणि एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, म्हणजे ते साडेचार लिटरच्या जवळ जाते. आम्ही पाच लिटरचा कॅन घेतो आणि तो महिनाभर पुरला पाहिजे, असा दंडक आहे. तूप वेगळे येते, तेव्हा पोषण संस्थेच्या मापापेक्षा आम्ही थोडे वरच आहोत. वरण-बट्टीच्या दिवशी तर ते कबूलच करावे लागते.

तेलाचा डबा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही मिळतो, दोन्ही दिसायला सारखेच असतात, आणि दुकानदार दोघांनाही ‘पंधराचा डबा’ म्हणतो. १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. दोन दुकानांच्या भावात शंभर-सव्वाशे रुपयांचा फरक दिसला म्हणून स्वस्तातला डबा उचलायचा, आणि प्रत्यक्षात सव्वा किलोहून अधिक तेल कमी घेऊन यायचे, असा तो व्यवहार होतो. डब्यावर निव्वळ वजन छापलेले असते. ते आधी वाचावे आणि भाव नंतर विचारावा.

पाकिटांचेही तेच आहे. भाव चढले की एक लिटरच्या जागी ८५० किंवा ७५० ग्रॅमचे पाकीट येते, दहा रुपयांचा बिस्किटपुडा दहा रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होतात. अनेक आवेष्टित वस्तूंवर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते. अक्षर बारीक असते, पण तुलना करायची तर तीच एक ओळ उपयोगाची आहे. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा समज त्या ओळीने बऱ्याचदा खोटा ठरतो. कराचाही थोडा भाग आहे: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर तो नाही. सुटी डाळ डोळ्यांनी पारखून घेता येते, हा त्याहून मोठा फायदा मला वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि बिस्किटे यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा या वस्तूंच्या जुन्या किमती यादीत तशाच चालू ठेवू नयेत.

दुकानाच्या ५,७०० रुपयांपैकी ४,५०० रुपये मुख्य यादीला, ७०० रुपये सणांच्या खात्याला आणि ५०० रुपये महिन्याच्या मधल्या किरकोळ खरेदीला असे आमचे वाटप आहे. यातले शेवटचे ५०० रुपये पाळणे सगळ्यात अवघड जाते. पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खाते असे, वही असे, आणि महिनाअखेरीला तो आकडा सगळ्यांसमोर वाचला जाई. वाणी स्वतःच म्हणायचा, वहिनी, यंदा बिस्किटे फार झाली. आता मुलगा मोबाइल घेऊन जातो, चाळीस रुपये खणकन वाजतात आणि विसरले जातात. यूपीआयने खर्च लपतो असे म्हणणे मात्र पूर्ण खरे नाही, कारण प्रत्येक पैशाची नोंद त्यात आपोआप होत असते. ती वाचणारा कोणी नसतो एवढेच. आम्ही मधल्या खरेदीसाठी मुलाच्याच खात्यात महिन्याच्या पहिल्या तारखेला ५०० रुपये टाकतो. घरात काही कमी पडले की त्यानेच आणायचे आणि पैसे संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचे. त्याच्या हातात हिशेब गेल्यापासून चिप्सची पाकिटे त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत खुपू लागली आहेत.

पाहुण्यांचा खर्च बजेटाबाहेरचा आहे असे समजणाऱ्यांनी खानदेशात राहू नये. इथे पाहुणा कळवून येतोच असे नाही आणि त्याला चहावर परत पाठवण्याची पद्धत नाही. तेव्हा पाहुणे हे बजेटातलेच एक कलम धरावे लागते. यात शेवभाजी फसवी आहे. भाजी बाजारात न जाता घरच्या घरी होते म्हणून ती स्वस्त वाटते, पण जाड तिखट शेव, सुके खोबरे, कांदे आणि तेल असा जमाखर्च मांडला तर दहा माणसांची शेवभाजी चांगलीच वर जाते. हिवाळ्यात भरीत परवडते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यामुळे ते आमच्यासाठी महाग झालेले नाही. थंडी पडली की हिरवी-पांढरी वांगी ढिगाने येतात, कापसाच्या काड्यांवर भाजली जातात, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असली की पाहुणाही खूश असतो आणि कोठीतल्या ज्वारी-उडदावरच निभावते.

सणांच्या ७०० रुपयांचे वर्षाचे ८,४०० होतात आणि ते सारखे खर्च होत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि हे नेमके साठवणीच्याच दिवसांत येते. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या नैवेद्याचे रोट असतात. त्यांचा गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून वेगळा काढतात, आणि तो कोठीतलाच असल्यामुळे रोख खर्च डाळ, गूळ आणि तुपाचाच होतो. खाते खऱ्या अर्थाने रिकामे होते ते दिवाळीला. तेलाच्या बाबतीत २०२४ ची दिवाळी अनेकांच्या लक्षात असेल. १४ सप्टेंबरला सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि ऐन फराळाच्या तोंडावर भाव चढले. सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्याच नातेवाइकांना त्या शुल्काची गरज होती, त्यामुळे घरात यावर एकमत होणे शक्य नव्हते. पुढे मे २०२५ च्या अखेरीला ते १० टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून फराळाचे तेल गणपतीच्या आसपासच घेऊन ठेवण्याची आमची पद्धत झाली आहे.

भाजीचा खर्च मी वेगळा ठेवला असे वर म्हटले, तरी तो किराण्याला चिकटलेलाच असतो. जून-जुलैत भाजी महागते तेव्हा घरोघरी पातोड्या, डुबुकवड्या, पिठले, फुणके आणि मठाची (मटकीची) उसळ सुरू होते. त्या दोन महिन्यांत बेसन आणि कडधान्ये नेहमीपेक्षा अधिक लागतात, म्हणून किराण्याची यादी फुगते, पण भाजीचे पैसे तेवढे वाचलेले असतात. अशा वेळी एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात पैसे वळवणे याला बजेट मोडणे म्हणू नये. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने आणि त्यानंतर लसणाने सगळ्यांना पळवले, तेव्हा आमच्या स्वयंपाकात चिंच आणि आमसूल होतेच. लसणाला मात्र खानदेशी ठेच्यात पर्याय नाही, तिथे मी मुकाट्याने पैसे मोजले.

यंदा एकच निर्णय अजून व्हायचा आहे आणि तो तूरडाळीचा आहे. २०२३-२४ मध्ये ती किलोमागे दीडशे रुपयांच्या वर गेली होती, तेव्हा चाळीस किलोंना सहा हजारांहून अधिक लागत आणि महिन्याचे १,८०० रुपये पुरत नव्हते. त्यानंतर भाव बरेच उतरले. उतरलेल्या भावात पूर्ण चाळीस किलो भरून टाकावी, असे घरातल्या दोघांचे मत आहे. सासूबाईंचे आणि माझे मत वीस किलो आता आणि वीस किलो पोळ्यानंतर, असे आहे, कारण पावसाळ्यात साठवलेल्या डाळीला जपणे सोपे नसते आणि उन्हाळ्यात दिलेले पैसे अडकून पडतात. पोळ्यापर्यंत भाव दहा रुपयांनी वाढला तर वीस किलोंवर आम्हाला २०० रुपये जास्त पडतील, आणि तेवढे सणांच्या खात्यातून काढायचे असे आम्ही दोघींनी ठरवून ठेवले आहे.